कवटी उघडणारा जीवक

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात शिरलेला पर्यटक बहुधा ‘मरणासन्न राजकन्ये’चे चित्र शोधत असतो. ते दिसले की मंडळी सतराव्या लेण्याकडे वळतात. याच सोळाव्या लेण्यात महाउम्मग्ग जातकातले प्रसंगही रंगवलेले आहेत, तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्यांचा नायक महोसध, म्हणजेच महौषध. एका मुलावर दोन बायकांनी हक्क सांगितला तेव्हा खरी आई कोण हे ज्याने हुशारीने ठरवले, तोच हा. जातककथा सांगते की तो जन्मला तोच हातात औषधी मुळी घेऊन. त्याचे वडील श्रीमंत श्रेष्ठी होते आणि सात वर्षे डोकेदुखीने हैराण होते. मुळी उगाळून कपाळाला लावली, दुखणे पळाले आणि मुलाचे नाव महौषध पडले.

सात वर्षांच्या डोकेदुखीने गांजलेला श्रेष्ठी बौद्ध वाङ्मयात हा एकटाच नाही. विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहाच्या एका शेठजींची गोष्ट आहे. त्यांचेही डोके सात वर्षे दुखत होते. पण त्यांच्या गोष्टीत मुळी उगाळून भागत नाही. वैद्य त्यांना खाटेला बांधतो, डोक्याची कातडी कापतो, कवटीचा सांधा उघडतो आणि आत हात घालतो. भारतीय वाङ्मयात कवटी उघडण्याची जी जुनी वर्णने आहेत, त्यांत हे सर्वांत ठळक. त्या वैद्याचे नाव जीवक.

जीवक राजगृहाचा, म्हणजे आजच्या बिहारमधल्या राजगीरचा. काळ बिंबिसार राजाचा आणि बुद्धांच्या हयातीतला, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. आई सालवती ही नगरातली नावाजलेली गणिका. गरोदर असल्याचे कळले तर मान जाईल म्हणून तिने आजाराचे निमित्त करून दार लावून घेतले. मुलगा झाल्यावर दासीला सांगून त्याला जुन्या सुपात घातले आणि उकिरड्यावर टाकून दिले. सकाळी बिंबिसाराचा मुलगा अभय तिकडून चालला होता. कावळ्यांनी काहीतरी घेरलेले त्याला दिसले. चौकशी केली तेव्हा ते मूल निघाले. जिवंत आहे का, एवढेच त्याने विचारले. जिवंत होते, म्हणून नाव जीवक. कुमाराने, म्हणजे राजपुत्राने वाढवले म्हणून कोमारभच्च. संस्कृतात हा शब्द कौमारभृत्य असा होतो आणि आयुर्वेदात बालरोगांच्या शाखेचे नावही तेच आहे. त्यामुळे जीवक मुळात मुलांचा वैद्य असावा असा तर्क काही अभ्यासक करतात. महावग्गात मात्र त्याने एखाद्या लहान मुलावर उपचार केल्याची एकही गोष्ट नाही.

कळत्या वयात त्याने अभयाला आपले आईवडील कोण म्हणून विचारले. आई कोण ते अभयालाही ठाऊक नव्हते. वाढवले मी, म्हणून बाप मी, असे त्याने सांगितले. पोथीत यापुढचे वाक्य भावनेचे नाही, व्यवहाराचे आहे: हाती एखादी विद्या असल्याशिवाय राजघराण्यात निभाव लागायचा नाही, हे त्या मुलाने ओळखले. अभयाला न सांगताच तो तक्षशिलेला निघाला. राजगीरपासून तक्षशिला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळचा भाग, दीड हजार किलोमीटरच्या आसपास. तिथे एका नामांकित वैद्याकडे तो सात वर्षे शिकला. शिक्षण संपणार कधी, असे विचारल्यावर गुरूने त्याच्या हाती कुदळ दिली आणि नगराभोवती योजनभर हिंडून औषधी नसलेली वनस्पती आणायला सांगितले. जीवक रिकाम्या हातांनी परतला. परीक्षा तिथेच संपली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून अनेकांनी वाचलेली असते. पुढची सहसा कुणी सांगत नाही: गुरूने वाटखर्चाला थोडेच दिले आणि साकेतला, म्हणजे अयोध्येला पोहोचेपर्यंत ते संपले. नव्या वैद्याचा पहिला उपचार पोटासाठी होता.

साकेतच्या एका श्रेष्ठीची बायको सात वर्षे डोकेदुखीने आजारी होती. मोठमोठे वैद्य येऊन सोने घेऊन गेले होते. हा पोरगेला वैद्य काय करणार, म्हणून तिने आधी नकार दिला. बरे वाटले तरच द्या, ही जीवकाची अट ऐकून ती तयार झाली. त्याने ओंजळभर तूप औषधे घालून सिद्ध केले, तिला उताणे झोपवले आणि ते नाकावाटे दिले. तूप घशात उतरून तोंडात आले, ते तिने थुंकले आणि दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितले. जीवकाच्या पोटात गोळा आला. थुंकलेले तूप जपणारी बाई वैद्याचे पैसे काय देणार? तिने ते ओळखले. नोकरांच्या पायांना चोळायला किंवा दिव्यात घालायला ते चालेल, तुझ्या मोबदल्याची काळजी करू नकोस, असे तिने समजावले. ती बरी झाली. तिने, मुलाने, सुनेने आणि श्रेष्ठीने चार-चार हजार दिले, वर दास, दासी आणि घोड्यांचा रथ. जीवकाने ही सगळी कमाई अभयापुढे ठेवली. ती त्याने घेतली नाही. आपल्या वाड्यातच घर बांधून राहा, म्हणाला.

पुढे बिंबिसाराचे भगंदर एका लेपात बरे केल्यावर जीवक राजवैद्य झाला. राजा, राजाचा अंत:पुर, आणि बुद्ध व भिक्षुसंघ, एवढ्यांची सेवा त्याच्याकडे आली. ही यादी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा तिढा तिच्यातूनच निर्माण झाला.

आता ते राजगृहाचे शेठजी. दुखणे तेच, मुदतही तीच: सात वर्षांची डोकेदुखी. पोथीत साकेतच्या बाईसाठी आणि यांच्यासाठी वापरलेले शब्दही एकच आहेत. पण तिला तूप मिळाले आणि यांच्या वाट्याला शस्त्र आले. हा फरक जीवकाने कशावरून केला ते पोथी सांगत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावरच जीवक मोठा वाटू लागतो. तक्रार एक असली तरी आजार एक असेलच असे नाही, हे कळणे शस्त्र चालवता येण्यापेक्षा अवघड आहे.

शेठजींना वैद्यांनी सोडून दिले होते. काहींच्या मते ते पाचव्या दिवशी जाणार, काहींच्या मते सातव्या. नगरातल्या व्यापाऱ्यांनी राजाला गळ घातली आणि राजाने जीवकाला पाठवले. जीवकाने आधी मोबदल्याचे बोलणे केले, मग एक विचित्र प्रश्न विचारला. एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहणे जमेल का? मरणाच्या दारातल्या माणसाला काय, जमेल म्हणाले. मग जीवकाने त्यांना खाटेला बांधले, कातडी कापली, कवटीचा सांधा उघडला आणि दोन किडे बाहेर काढून लोकांना दाखवले. एक मोठा, एक लहान. पाचवा दिवस सांगणाऱ्या वैद्यांनी हा मोठा किडा पाहिला होता आणि सातवा सांगणाऱ्यांनी हा लहान, असा त्याने खुलासा केला. आधीच्या डॉक्टरांना वेड्यात न काढता आपले निदान मांडण्याची ही रीत आजही दुर्मीळच. मग त्याने सांधा मिटवला, कातडी शिवली आणि लेप लावला.

सात दिवस झाले आणि शेठजींनी हात टेकले. एका कुशीवर आणखी राहवत नाही म्हणाले. जीवकाने कूस बदलून दिली. पुन्हा सात दिवसांनी तेच, आणि पाठीवरही सातच दिवस. एकवीस दिवसांत शेठजी बरे होऊन उठले, तेव्हा जीवकाने खरे सांगितले. लागणार होते तीन आठवडेच. पण आधीच आठवडे सांगितले असते तर शेठजी तेवढेही पडून राहिले नसते. शेठजींनी सर्वस्व देऊ केले होते. जीवकाने एक लाख राजाला आणि एक लाख स्वतःला घेतले.

अशा गोष्टी हल्ली मोबाइलवर फिरतात आणि प्राचीन भारतात मेंदूच्या गाठी काढत असत, असा त्यांचा अर्थ लावला जातो. तो लावण्याची घाई नको. पालि विनय लिहून काढला गेला तो बऱ्याच काळाने, श्रीलंकेत, आणि तोपर्यंत तो तोंडपाठ चालत आलेला होता. शिवाय प्रौढ माणसाच्या कवटीचे सांधे करवतीच्या दातांसारखे एकमेकांत अडकलेले असतात आणि वयाबरोबर जुळत जातात. ते उकलण्यापेक्षा हाडाला भोक पाडणे सोपे. आणि भोके पाडली जात होतीच: काश्मीरमधल्या बुर्झहोम इथे नवाश्मयुगीन माणसाची, अशी अनेक भोके पाडायचा प्रयत्न केलेली कवटी उत्खननात मिळाली आहे. पेरू देशात अशा शेकडो कवट्या सापडल्या असून अनेकींच्या भोकांच्या कडा भरून आलेल्या आहेत, म्हणजे ती माणसे त्यानंतर जगली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना होते ती कातडीला आणि मेंदूवरच्या आवरणाला. खाटेला बांधण्याचे कारण तेच.

किड्यांचे काय? डोक्यातल्या कृमींमुळे होणारा शिरोरोग चरक आणि सुश्रुत दोघांनीही सांगितला आहे. म्हणजे डोक्यात किडा असणे ही त्या काळच्या वैद्यांची ओळखीची कल्पना होती. नाकात माशीच्या अळ्या पडण्याचा आजार तर खेड्यापाड्यांत लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. कल्पना मग वाढतही जाते. भोजप्रबंधात भोजराजाला भूल देऊन त्याच्या कवटीतून मासे काढल्याची कथा येते, आणि आजकाल तीच कथा मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेची म्हणून सांगितली जाते.

सुश्रुतसंहितेतला एक उपचार मात्र या सगळ्या कथांपेक्षा जमिनीवरचा आहे. डोक्यात घुसलेले शल्य काढल्यावर जखमेत केसांची वात घालावी, असे तिथे सांगितले आहे. वात घातली नाही तर मस्तुलुंग, म्हणजे मेंदूचा मगज वाहतो आणि रोगी दगावतो. जखम भरत येईल तसा वातीतला एकेक केस काढायचा. जीवकाच्या गोष्टीत मेंदूसाठी पालि शब्द येतो तो मत्थलुंग; दोन्ही एकच. हे वर्णन करणाऱ्याने डोके फुटलेला माणूस जवळून पाहिला होता, यात शंका वाटत नाही. आज घरात पाय घसरून पडलेल्या आजोबांचे डोके दोन-चार आठवड्यांनी दुखू लागते, चालताना तोल जातो, बोलणे अडखळते. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठलेले असते. तेव्हा न्यूरोसर्जन कवटीला छोटे भोक पाडून ते काढतात आणि बऱ्याचदा एक-दोन दिवस बारीक नळी ठेवतात. मार किरकोळ होता म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या नव्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष होते, आणि घोटाळा तिथेच होतो.

डोक्यातला किडा निव्वळ कल्पना नाही, हेही तितकेच खरे. डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, माणसाच्या आतड्यात येतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात आणि घाण पाणी, न धुतलेली भाजी, न धुतलेले हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या पोटात जातात. अंड्यातली अळी रक्तातून मेंदूत पोहोचली की तिथे पाण्याच्या लहान फोडासारखी राहते, कधी कधी अनेक वर्षे, काही लक्षण न दाखवता. ती मरू लागते तेव्हा भोवती सूज येते आणि माणसाला पहिली फिट येते. कोबीतला किडा डोक्यात जातो ही आपल्याकडची भीती यातूनच आली. कोबीवरची अळी त्यात निर्दोष आहे. दोष न दिसणाऱ्या अंड्यांचा, आणि ती कुठल्याही कच्च्या भाजीवर असू शकतात. म्हणून मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा कृमी जिथे ठाण मांडून आहे त्या प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत कारण हेच असते.

या किड्याने भारतातल्या डॉक्टरांनाही बरीच वर्षे चकवले. सीटी स्कॅन आपल्याकडे आला तेव्हा फिट येणाऱ्या अनेकांच्या मेंदूत एकच छोटी गोल गाठ दिसू लागली. क्षयाच्या देशात ती क्षयाची असणार असे धरून कित्येकांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठींचे तुकडे काढून तपासले. बहुतेक गाठी पट्टकृमीच्या अळीच्या निघाल्या. त्यातल्या पुष्कळ काही महिन्यांत आपोआप विरून जात होत्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी या दोन गाठी वेगळ्या ओळखण्याचे निकष मांडले: गाठीचा आकार २० मिलिमीटरपेक्षा कमी आहे का, डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणे टिकून आहेत का, हातापायांची शक्ती कमी होत चालली आहे का, शरीरात इतरत्र क्षय आहे का. हे निकष लागू पडले की फिटची औषधे द्यायची, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा आणि कवटी बंदच ठेवायची. साकेतची बाई आणि राजगृहाचे शेठजी यांच्यातला फरक यंत्राच्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने पुन्हा एकदा शोधला गेला, असे म्हणता येईल.

आत काय आहे ते न उघडता दिसावे, ही इच्छा जीवकाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनाही होती. तिबेटी भाषेत टिकून राहिलेल्या विनयात जीवकाला एक मणी सापडतो. तो रोग्यापुढे धरला की घरात दिवा लावल्यासारखे शरीराच्या आतले दिसते. चिनी परंपरेत मण्याऐवजी लाकडाचा तुकडा आहे. त्या तिबेटी कथेत तक्षशिलेचा गुरू एका रोग्याची कवटी उघडून चिमट्याने घोण ओढायला जातो. तशी ओढली तर ती पायांनी मेंदू धरून ठेवील. चिमटा तापवून पाठीला टेकवा म्हणजे ती पाय आखडून घेईल, असे शिष्य जीवक सुचवतो. मेंदूला चिकटलेली गाठ ओढायची नसते, आधी तिची पकड सोडवायची असते. घोण खरी असो वा नसो, हे खरेच आहे. तो मणी प्रत्यक्षात यायला १ ऑक्टोबर १९७१ उजाडला. त्या दिवशी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका बाईचा जगातला पहिला सीटी स्कॅन झाला. त्याआधी ८७ वर्षे, १८८४ साली, त्याच शहरात रिकमन गॉडली यांनी केवळ लक्षणांवरून जागा ठरवून मेंदूतली गाठ काढली होती. जागा बरोबर निघाली, गाठही निघाली. रोगी महिन्याभरात जंतुसंसर्गाने गेला.

एका बाबतीत मात्र जीवकाचे अनुकरण नको. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे पडून राहायला आज कुणी सांगत नाही. रक्ताच्या गुठळ्या आणि न्यूमोनिया टाळण्यासाठी रोग्याला शक्य तितक्या लवकर उठवून बसवतात. पण औषध-पाण्याचा वेळ रोग्याकडून पाळून कसा घ्यायचा, हा प्रश्न जुनाच राहिला आहे. दोन वर्षे फिट आली नाही म्हणून कुणाला न विचारता गोळ्या बंद करणारे रुग्ण प्रत्येक डॉक्टरला माहीत आहेत.

जीवकाच्या इतर करामती भराभर सांगण्यासारख्या आहेत. कोलांट्या मारताना आतड्याला पीळ पडलेल्या काशीच्या श्रेष्ठिपुत्राचे पोट उघडून त्याने गाठी सोडवल्या. उज्जैनीचा राजा पज्जोत पांडुरोगाने आजारी होता आणि तुपाचा वास त्याला सहन होत नसे; जीवकाने काढ्याच्या रंगारूपाचे तूप पाजले आणि राजाला ढेकर येऊन चोरी कळायच्या आत त्याच्याच हत्तिणीवर बसून पळ काढला. बरे झालेल्या पज्जोताने पाठवलेली उंची वस्त्रे जीवकाने बुद्धांना दिली आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रे भिक्षूंना वापरू द्यावीत अशी विनंती केली. तोवर भिक्षू टाकलेल्या चिंध्यांची चीवरे शिवत. आणखी एक विनंती तर थेट आरोग्याच्या पानावर शोभणारी. वैशालीत मेजवान्या झोडून सुस्त आणि आजारी पडलेले भिक्षू पाहून त्याने त्यांच्यासाठी येरझारा घालायची जागा आणि घाम काढायचे स्नानगृह मागितले. बुद्धांनी दोन्ही मान्य केले. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यातल्या खोल्यांत दगडी ओटे आहेत. त्यांवर झोपून उठलेल्या माणसाला चालण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसणार.

आता तो तिढा. मगधात एकदा पाच रोग पसरले: कुष्ठ, गंड म्हणजे गळवे, किलास म्हणजे कातडीचा एक रोग, शोष म्हणजे क्षय, आणि अपस्मार. लोक जीवकाकडे धावले. घरदार देतो, तुमचे दास होतो, पण बरे करा म्हणाले. जीवकाने नकार दिला. त्याच्याकडे राजा होता, अंत:पुर होते, बुद्ध आणि संघ होते. यापलीकडे वेळ नव्हता. लोकांनी वाट शोधली. संघात प्रवेश घेतला की भिक्षू शुश्रूषा करतात आणि जीवक औषध देतो. म्हणून रोगी भिक्षू होऊ लागले, बरे झाले की चीवर उतरवून घरी जाऊ लागले. भिक्षू रोग्यांसाठी औषधे मागत फिरू लागले, जीवकाच्या हातून राजाची कामे मागे पडू लागली. असाच एक बरा होऊन परतलेला माणूस जीवकाला रस्त्यात भेटला. त्याने सगळे सरळ सांगून टाकले. जीवक संतापला आणि बुद्धांकडे जाऊन, हे पाच रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्याने केली. नियम झाला.

पोथी हे कुणाची बाजू न घेता सांगते. जीवकाला दोष देणे सोपे आहे. पण एक वैद्य आणि अख्खे मगध, हा हिशेबही डोळ्यांआड करता येत नाही. तरीही यादीतला शेवटचा शब्द खटकतो. उकिरड्यावरून उचललेल्या मुलाने मोठेपणी जी माणसे दाराबाहेर ठेवली, त्यांत फेफरे येणारे होते. शेठजींना फिट येत असल्याचे गोष्टीत कुठे म्हटलेले नाही. पण डोक्यातला किडा आज ज्या रूपात डॉक्टरांपुढे येतो, ते बहुतेक वेळा फिटचेच. श्रीमंताच्या किड्यासाठी राजाने वैद्य पाठवला, आणि गरिबाला फेफरे आले तेव्हा नियम झाला.

तो नियम मगधापुरता राहिला नाही. उपसंपदा घेताना उमेदवाराला रोगांविषयी विचारण्याची पद्धत विनयाबरोबर सर्वत्र गेली. वाघोरेच्या काठी वाकाटकांच्या काळात सोळावे लेणे खोदले गेले. तिथे महोसधाच्या चित्राखाली कुणी उपसंपदा घेतली असेल, तर अपस्मार आहे का, हा प्रश्न त्यालाही चुकला नसणार. बाहेरच्या समाजाने हा प्रश्न आपल्या पद्धतीने विचारला. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे झटके ही लग्नाच्या आड येणारी अट होती. ती १९९९ साली वगळली गेली. लग्न जमवताना मुलीची गोळ्यांची चिठ्ठी लपवणारी घरे मात्र अजून आहेत, आणि लपवलेल्या गोळ्या चुकतात तेव्हा फिट मांडवातच येते.

फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. त्याला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर रुग्णालय गाठावे. मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली असेल, पहाटे जास्त दुखणारे आणि उलटीने हलके होणारे डोके असेल, किंवा एका बाजूचे हातपाय जड पडत असतील, तर स्कॅनची वेळ झाली असे समजावे. सात वर्षे थांबायचे कारण उरलेले नाही.

जीवकाच्या मृत्यूची नोंद महावग्गात नाही. दीघनिकायात तो पौर्णिमेच्या रात्री बापाचा खून केलेल्या अजातशत्रूला हत्तीवरून आपल्या आंबराईत बुद्धांकडे घेऊन जाताना दिसतो. सगळे मंत्री आपापल्या गुरूंची नावे सुचवत असताना तो गप्प बसलेला असतो. ती आंबराई त्याने संघाला दिली होती. राजगीरला उत्खननात निघालेल्या लंबवर्तुळाकार दालनांचे पाये तिचे म्हणून दाखवले जातात. आणि श्रीलंकेत, म्यानमारमध्ये, थायलंडमध्ये उपसंपदेच्या वेळी तरुणाला सभेसमोर उभे करून ते पाच रोग आजही एकेक करून विचारतात. कुष्ठ, गंड, किलास, शोष. पाचवा अपस्मार.